सुपीरियरच्या कड्यावर जाणाऱ्यांनो

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा डेट्रॉइटला किंवा शिकागोला आले, की त्यांना नायगारा दाखवायचा हे ठरलेलंच असतं. या वेळी वाट वाकडी करून त्यांना उत्तर मिशिगनमधल्या म्युनिसिंगलाही न्या. तिथून सुपीरियर सरोवराच्या काठाने पिक्चर्ड रॉक्सचे कडे सुरू होतात. सरोवर म्हणायचं, पण त्याचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. पलीकडचा काठ दिसतच नाही. १९६६ साली हा किनारा राष्ट्रीय संरक्षणाखाली आला. कड्यावरून पाणी झिरपतं आणि त्यातल्या खनिजांचे पट्टे खडकावर उमटतात: लोखंडाचा तांबडा, तांब्याचा हिरवा-निळा, मँगनीजचा काळा. हे बघायला जरूर जा.

पण एक विनंती आहे, आणि ती कळकळीची आहे. कड्याच्या कडेला जाऊ नका.

आपल्यापैकी अनेकांनी कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलेलं असतं. त्या सवयीने इथे वागू नका. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, हा दगड वालुकाश्म. सुट्या पडलेल्या तुकड्यावरून बोट फिरवा, वाळूचे कण बोटाला चिकटून येतील. शिवाय इथली रचना फसवी आहे. माथ्याचा थर जरा टणक, त्याखालचा भुसभुशीत. लाटा, पाऊस आणि हिवाळ्यात फटींत गोठून फुगणारं पाणी खालचा थर पोखरत जातं आणि वरचा तसाच पुढे आलेला राहतो. वर उभ्या माणसाला पायाखाली पोकळी आहे हे कळायचा काही मार्ग नाही.

मायनर्स कॅसल या टोकावर दगडाचे दोन बुरूज होते. १३ एप्रिल २००६ रोजी त्यातला एक पाण्यात कोसळला. आज एकच उभा आहे. चॅपल रॉकला गेलात तर तिथला पाइन नीट पाहा. सुट्या खडकावर तो एकटा उभा आहे, आणि त्याची मुळं दोरखंडासारखी अधांतरी पलीकडच्या जमिनीपर्यंत गेली आहेत. कधीकाळी त्या मुळांखाली दगडाची कमान होती. ती १९४०च्या दशकात पडली, मुळं तेवढी राहिली.

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मायनर्स कॅसलच पुरे. गाडी जवळपर्यंत जाते, वरच्या सज्ज्यापर्यंत पक्की वाट आहे, कठडा आहे. ग्रँड पोर्टल पॉइंटची गोष्ट वेगळी. तिथे चालत जावं लागतं; चॅपल आणि मॉस्किटो या ठिकाणांवरून जाणारा तो फेरा साधारण १० मैलांचा, वाट कड्याच्या माथ्यावरून जाते आणि कठडा नाही. तिथे लहान मुलांचा हात सोडू नका. फोटोसाठी कोणी मागे सरकत असेल तर ओरडून थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल.

रंग खरे दिसतात ते पाण्यावरून. त्यासाठी म्युनिसिंगहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीचं तिकीट काढा, आणि शक्यतो दुपारनंतरच्या फेरीचं, कारण तेव्हा ऊन कड्यावर पडतं. कायाक करायचीच असेल तर जाणकार वाटाड्या घ्या आणि कड्याच्या अगदी खाली जाऊ नका, वरून दगड सुटतात. तळ्यावरची छोटी, उघडी कायाक इथे चालत नाही. वारा फिरला की लाटा समुद्रासारख्या उठतात, ऐन जुलैतही पाणी गारठवणारं असतं, आणि पोहता येणाऱ्याचेही हातपाय त्यात लवकर आखडतात. लाइफ जॅकेट अंगात घाला, बोटीत ठेवून उपयोग नाही.

या भागात मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. म्हणून निघण्याआधी नकाशा उतरवून घ्या, आणि कुठे जाताय, कधी परतणार, हे घरी कोणाला तरी सांगूनच गाडी काढा.