मालिकेचा भाग रोज संपतो. कर्जमाफीचा भाग कधी संपणार?

बोरी अरब (ता. दारव्हा) : दिवाळी होऊन महिना झाला. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू आहे. संध्याकाळी आठ-साडेआठ वाजले की घराघरात टीव्हीपुढे तोच जुना वाद होतो. बायांना मालिका पाहायची असते, माणसांना बातम्या. रिमोट एकच. बातम्या पाहणाऱ्याचा तोरा असा, की आपण देशाचं पाहून राहिलो आणि ह्या सासू-सुना पाहून राहिल्या. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्हीकडे जे चाललं ते शेजारी ठेवून पाहिलं तर हा तोरा टिकत नाही. दोन्हीकडे सीरियलच आहे. फरक एवढाच की मालिकेवाला ती सीरियल आहे हे कबूल करतो.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मालिका पाहणारी बाई दिसते तेवढी भोळी नाही. उलट राजकारणाच्या बातम्या कशा पाहाव्या हे तिच्याकडूनच शिकण्यासारखं आहे.

तुलसी परत आली, ती कशामुळे?

२९ जुलै २०२५ पासून ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ पुन्हा सुरू झाली. पहिली मालिका ३ जुलै २००० ला लागली आणि नोव्हेंबर २००८ पर्यंत चालली. अठराशेच्या वर भाग झाले. त्यातली तुलसी म्हणजे स्मृती इराणी. पुढे त्या भाजपच्या नेत्या झाल्या, केंद्रात मंत्री झाल्या. २०१९ ला अमेठीत त्यांनी राहुल गांधींना ५५ हजारांवर मतांनी हरवलं. देशभर गाजलेला निकाल होता तो. मग २०२४ ला त्याच अमेठीत काँग्रेसच्या किशोरीलाल शर्मांनी त्यांना १ लाख ६७ हजारांवर मतांनी पाडलं. शर्मांना टीव्हीवर कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर साधारण वर्षभरानं तुलसी परत पडद्यावर आली.

ज्यांनी २००० साली ही मालिका पाहिली त्यांना मिहीरचं मरण आठवत असेल. मिहीर मेला तेव्हा प्रेक्षक इतके चिडले की मेलेला मिहीर परत आणावा लागला. पुढे मिहीर तोच राहिला, पण काम करणारे नट बदलत गेले. प्रेक्षक कुरकुरले आणि पाहत राहिले. राजकारणात मात्र मतदार तेवढं चालवून घेत नाही. अमेठीच्या मतदारानं तुलसीवर प्रेम केलं असेल, पण मत देताना हिशेब वेगळा केला.

चेहरा दारापर्यंत आणतो

टीव्हीनं नेता तयार होतो ही गोष्ट जुनीच. ‘रामायण’ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर सुरू झालं. गावात एखाद-दुसरा टीव्ही असायचा आणि रविवारी सकाळी सगळं गाव त्यापुढे. १९९१ च्या निवडणुकीत सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून भाजपचे खासदार झाले. म्हणजे लोकांनी सीतेलाही निवडलं आणि रावणालाही. ‘महाभारत’मधले श्रीकृष्ण, आपले मराठी नितीश भारद्वाज, १९९६ ला जमशेदपूरहून निवडून आले. पण १९९९ ला मध्य प्रदेशातल्या राजगढमध्ये ते हरले. श्रीराम झालेले अरुण गोविल यांना खासदार व्हायला २०२४ उजाडलं. अयोध्येतल्या मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेचं तेच वर्ष, उमेदवार साक्षात टीव्हीवरचे श्रीराम, तरी मेरठमध्ये ते जिंकले फक्त १०,५८५ मतांनी.

महाराष्ट्रातलं उदाहरण डॉ. अमोल कोल्हे यांचं. ‘राजा शिवछत्रपती’मध्ये शिवाजी महाराज आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये संभाजी महाराज. २०१९ ला शिरूरमध्ये त्यांनी तीन वेळा खासदार राहिलेल्या शिवाजीराव आढळरावांना हरवलं, तेव्हा ही मालिका चालू होती. तेव्हा सगळे म्हणाले, मालिकेनं निवडून आणलं. २०२४ ला मालिका नव्हती. पक्ष फुटला होता, चिन्ह गेलं होतं, आणि खासदार मतदारसंघात दिसत नाहीत हा विरोधकांचा मुख्य आरोप होता. तरी त्यांचं मताधिक्य वाढलं, १ लाख ४० हजारांवर गेलं. मधल्या काळात काय झालं? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. जुन्नर, आंबेगाव, खेड हा कांद्याचा भाग. कोल्हे यांनी शिवनेरीहून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. पहिल्या खेपेला टोपातला चेहरा कामी आला असेल, दुसऱ्या खेपेला कांदा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारचा निकाल लागला. गायिका मैथिली ठाकूर अलीनगरमधून भाजपच्या तिकिटावर जिंकल्या. भोजपुरीतले मोठे स्टार खेसारीलाल यादव छपऱ्यात राजदच्या तिकिटावर पडले. दोघांनाही चाहते भरपूर. म्हणून ‘लोक नटाला पाहून मत देतात’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. चेहरा माणसाला दारापर्यंत आणतो. आत घ्यायचं की नाही हे घरचे ठरवतात.

जिल्ह्यातला मतदार काही कमी नाही

यवतमाळ जिल्ह्यात तर हे २०२४ ला डोळ्यांपुढे झालं. भावना गवळी आधी वाशिमच्या आणि मग यवतमाळ-वाशिमच्या मिळून पाच वेळा खासदार. त्यांचं तिकीट शिंदे गटानं ऐन वेळी कापलं आणि राजश्री पाटील यांना दिलं. मालिकेच्या भाषेत, चालत्या मालिकेत नायिका बदलली. निकाल काय लागला? उद्धव ठाकरे गटाचे संजय देशमुख सुमारे ९४ हजार मतांनी निवडून आले.

तेवढ्यावरून जिल्हा एका बाजूला गेला असं ज्यांनी मानलं ते फसले. पाच-सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात विधानसभा झाली. दारव्हा, दिग्रस, नेर मिळून होणाऱ्या दिग्रस मतदारसंघात शिंदे गटाचे संजय राठोड पुन्हा आले. समोर काँग्रेसचे माणिकराव ठाकरे होते, म्हणजे याच दारव्हा तालुक्यातलं मोठं नाव. राज्यात एकट्या भाजपला १३२ जागा मिळाल्या.

मधल्या पाच महिन्यांत नवीन काय आलं? लाडकी बहीण. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि ऑगस्टपासून दीड-दीड हजार खात्यात पडू लागले. बिहारमध्येही २०२५ ला तसंच झालं. सप्टेंबरच्या शेवटी पंचाहत्तर लाख बायांच्या खात्यात दहा-दहा हजार गेले आणि नोव्हेंबरात एनडीएला २०२ जागा आल्या. शहरातले विश्लेषक याला ‘मत विकत घेतलं’ म्हणतात. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, निंदणाची मजुरी घरात जाते आणि सोयाबीनचा पैसा नवऱ्याच्या खात्यात येतो, तिच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पैसा आला तर तिनं तो मोजू नये काय? ‘आई कुठे काय करते’ मधली अरुंधती पाच वर्षं सांगत होती की बाईला स्वतःचं काही असावं. ती मालिका गावातही घरोघरी पाहिली गेली. अरुंधती पाहणाऱ्या बाईनं दीड हजाराचं मोल ओळखलं, यात नवल कसलं?

हिशेब आता पुढचा आहे. २१०० चं आश्वासन होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये हप्ता १५०० च होता. ई-केवायसीची मुदत १८ नोव्हेंबर २०२५ ची ३१ डिसेंबर २०२५ केली होती. या मालिकेत पात्रं कमी करायचं काम तेव्हाच सुरू झालं होतं.

तारखा लांबवण्याची कला

मालिका चालते कशावर? गोष्ट पुढे न नेण्यावर. दर गुरुवारी बार्कचे आकडे येतात. आकडा चांगला असला की गोष्ट ताणायची. ‘ठरलं तर मग’ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली. मधुभाऊंवर खुनाचा आरोप, अर्जुन त्यांचा वकील. हा खटला किती महिने चालला ते पाहणाऱ्यांना विचारा. साक्षीदार येता येता राहतो, पुरावा सापडता सापडता हरवतो.

हसण्यासारखं नाही. शिवसेनेचं प्रकरण पाहा. फूट जून २०२२ ची. नाव आणि धनुष्यबाण निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला शिंदे गटाला दिलं. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यपालांनी बहुमत चाचणी लावली ते चूक ठरवलं, पण ठाकरेंनी आधीच राजीनामा दिल्यानं त्यांचं सरकार परत आणता येणार नाही असंही सांगितलं. आमदार अपात्रतेचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला दिला. मधल्या काळात लोकसभा झाली, विधानसभाही झाली. चिन्ह नेमकं कोणाचं, हा सर्वोच्च न्यायालयातला प्रश्न नोव्हेंबर २०२५ मध्येही तसाच होता. १२ नोव्हेंबर २०२५ ला सुनावणी होती, ती पुढे गेली. पुढची तारीख २१ जानेवारी २०२६ ची पडली. मालिकेतला मधुभाऊंचा खटला यापुढे लवकर आटोपला म्हणायचा.

आणि जे रोज टीव्हीवर दिसतं ते काय? कोण कोणाला काय बोललं, कोण कोणाच्या घरी जेवायला गेलं, कोण नाराज आहे. पारावर तासभर त्यावर भांडण होतं. मालिका पाहणारी बाई मात्र भाग संपला की एका वाक्यात सांगते, ‘आज काहीच झालं नाही बाप्पा.’ बातम्या पाहणाऱ्याला हे वाक्य म्हणता येत नाही. त्याला वाटतं, लय काही झालं.

ज्याचा एपिसोडच होत नाही

खरा तोटा इथे आहे. ज्या गोष्टींत भांडण दिसत नाही त्या टीव्हीवर येत नाहीत, आणि गावाचं पोट नेमकं त्याच गोष्टींवर आहे.

यवतमाळ जिल्हा परिषदेत आणि पंचायत समित्यांत मार्च २०२२ पासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत निवडून आलेला एक माणूस नव्हता. साडेतीन वर्षांवर प्रशासक बसला होता. रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी, दवाखाना, यासाठी ज्या सदस्याची कॉलर धरायची तो सदस्यच नव्हता. या विषयावर किती चर्चा टीव्हीवर झाल्या?

केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत होतं, मग ३१ डिसेंबर केलं. म्हणजे नेमका इथला कापूस घरात येतो त्या महिन्यांत. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० होता. पण सीसीआयला कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी पाहिजे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता. २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात ६,००० चा शब्द दिला होता. शेतकऱ्यानं मात्र हमीभावाच्याही खाली सोयाबीन विकलं, कारण दिवाळी आणि रब्बीचं बी खरेदी केंद्राची वाट पाहत नाही.

आणि कर्जमाफी. जाहीरनाम्यात होती. जुलै २०२५ मध्ये बच्चू कडू यांची सातबारा कोरा यात्रा पापळहून निघून याच जिल्ह्यात चिलगव्हाणला आली. साहेबराव करपे यांचं हे गाव, १९ मार्च १९८६ च्या त्या आत्महत्येपासून राज्याला माहीत असलेलं. ऑक्टोबरच्या शेवटी नागपूरचा रस्ता अडवला गेला, तेव्हा कॅमेरे आले. ३० ऑक्टोबरला मुंबईत बैठक झाली आणि सरकारनं शब्द दिला, ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेऊ. लगेच कॅमेरे निघून गेले.

३० जून म्हणजे पेरणी झालेली असते. बँकेत नवं पीककर्ज मागायची वेळ त्याच्या आधीची, मे महिन्याची. जुनं थकीत असेल तर नवं मिळत नाही. तारीख पाळली गेली तरी त्या खरिपाचं बी-खत उसनवारीवरच होणार. हा हिशेब एकाही चर्चेत कोणी मांडला नाही, कारण त्यात कोणी कोणाला शिवी दिलेली नाही.

पाहायचं कसं?

टीव्ही बंद करा असं सांगण्यात अर्थ नाही. दिवसभर वेचणी करून आलेल्या माणसाला करमणूक पाहिजेच, आणि राजकारणाइतकी फुकट करमणूक दुसरी नाही. फक्त मालिकेची कसोटी बातम्यांना लावावी. गेल्या भागापासून गोष्ट किती पुढे गेली? दिलेल्या तारखेचं काय झालं? नायक तोच आहे की नट बदलून जुनंच पात्र दाखवून राहिले?

ही कसोटी लावायला शिक्षण लागत नाही, आठवण लागते. तीन वर्षांपूर्वीच्या भागात कोणी कोणती साडी नेसली होती हे सांगणाऱ्या बाया प्रत्येक गावात आहेत. तेवढीच आठवण ग्रामसभेत वापरली, तर ५,३२८ आणि ६,००० मधला फरक कोणालाही विसरवता येणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन तारखांना खूण करून ठेवण्यासारखी होती : ३१ डिसेंबर २०२५, ई-केवायसी आणि कापसाच्या आयात शुल्काची. २१ जानेवारी २०२६, शिवसेनेच्या चिन्हाची. आणि ३० जून २०२६, कर्जमाफीची. पहिल्या दोन तारखा टीव्हीवाल्यांच्या होत्या. तिसरी गावानंच लक्षात ठेवावी लागेल.