उसाच्या नव्या जातीची खरी कसोटी

उसाची नवी जात आली कीं आमचे बागायतदार बंधू प्रथम एकरीं टन विचारतात, मग साखरेचा उतारा अगर गुळाचा रंग. हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु ही जात विषाणुरोगापुढें कितपत टिकते, हा प्रश्न क्वचितच ऐकूं येतो. आमच्या मतें तो आधीं विचारला पाहिजे.

बटाट्याप्रमाणेंच उसाचें बेणें म्हणजे मूळ झाडाच्याच देहाचा तुकडा. त्यामुळें मोझेक व पिवळ्या पानाचा रोग बेण्यांतून व खोडव्यांतून पुढें चालतात, आणि मावा ते शेजारच्या शेतांत नेतो. रोगी बेटास बरें करणारें औषध नाहीं. उष्ण हवेची बेणेप्रक्रिया गवताळ वाढीवर उपयोगी पडते. मोझेकवर तिचा भरंवसा धरतां येत नाहीं.

अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतांतील ऊसधंदा मोझेकनें 1926 च्या सुमारास रसातळास नेला होता. जावा बेटांतील पी. ओ. जे. जातींनीं तो सांवरला. त्यांतील कांहींना रोग होई, पण त्या तो सोसत. येथेंच एक भेद ध्यानांत घ्यावा. रोग सोसणारी जात निराळी व रोग न घेणारी निराळी. आमच्या जिल्ह्यांत बांधाला बांध लागून शेतें आहेत; सोसणारा ऊस मालकास टन देईल, परंतु शेजाऱ्याच्या नाजूक उसास तोच रोगाचें घर होईल.

को 86032 ही जात महाराष्ट्रांत 1996 सालीं प्रसारित झाली व तिनें आम्हांस भरभरून दिलें. तथापि एकाच जातीवर सगळी भिस्त ठेवणें शहाणपणाचें नव्हे. नव्या जाती पारखतांना रोगी उसाच्या ओळीशेजारीं त्या लावून पाहाव्या. मात्र हें काम कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणींच व्हावें, कारण शेतकऱ्यानें रोग मुद्दाम शिवारांत आणणें घातक होय. निकाल लागणीवर न थांबतां दोन खोडव्यांपर्यंत पाहावा.

सभासदांनीं आपल्या शेतांत दोन गुंठ्यांवर दोन-तीन जाती शेजारीं-शेजारीं लावाव्या, दर महिन्यास रोगी बेटें मोजून टिपावीं व लगेच उपटून टाकावीं. बेणें उतिसंवर्धित रोपांपासून वाढविलेल्या मळ्यांतूनच घ्यावें. अशीं टिपणें संघाकडे आलीं तर पुढील लागणीस जात कोणती घ्यावी, हें ऐकीव गोष्टींवर ठरविण्याची पाळी येणार नाहीं.