कण्याचा बाक आणि गोळ्यांचा डबा

मुलगी वाकून पायाचे अंगठे धरते आणि आईला एका बाजूचा खवाटा वर आलेला दिसतो. स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला एका बाजूला येणारा बाक, बरेचदा असाच लक्षात येतो, नेमका उंची झपाट्याने वाढत असताना. मग कोणीतरी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवतं.

त्या सल्ल्याला थोडा आधार आहे. असा बाक असलेल्या अनेक मुलींची हाडं विरळ असतात. हाँगकाँगमध्ये अशा मुलींना दोन वर्षं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर हाडांची स्थिती सुधारली. पण हाड भरणं वेगळं आणि बाक थांबणं वेगळं.

बाक थांबवण्यासाठी भक्कम पुरावा आहे तो ब्रेसचा, म्हणजे धडाभोवती घालायच्या कडक आधारपट्ट्याचा. अमेरिका आणि कॅनडातल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ब्रेस जितके तास अंगावर, तितका गुण जास्त.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर द्यावं. मात्र ‘आधी सहा महिने गोळ्या घेऊन बघू’ हे घातक आहे. ब्रेसचा उपयोग उंची वाढते आहे तोवरच, आणि तेच सहा महिने हातचे जातात.