अस्सल आणि नक्कल: डोंबिवलीतल्या एका आर्केड कॅबिनेटच्या निमित्ताने (धागा)

१/ सनदा, ताम्रपट आणि किल्ल्यांवरच्या धाग्यांच्या रांगेत आज प्लायवूडची एक पेटी. घरी बांधलेल्या आर्केड कॅबिनेटचे छायाचित्र मी टाकले, तेव्हा शेरा आला: "छान आहे, पण नक्कल. इतिहासाच्या विद्यार्थिनीने अस्सलाचा आग्रह धरावा." हा आग्रहच इतिहासाला धरून नाही. का, ते सांगते.

२/ १९९०चे दशक. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या गल्ल्यांतले व्हिडिओ गेम पार्लर: एक गाळा, दोन-चार पेट्या, हातात घामेजलेले रुपयाचे नाणे आणि खेळणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावणारी पाच-सहा डोकी. माझा मामा त्यांतलाच एक. त्याच्या पिढीपुढे "मुस्तफा" एवढे म्हटले की पुरते.

३/ पण त्या खेळाचे नाव "मुस्तफा" नव्हतेच. तो कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३चा "कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स". मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकथाकाराच्या मालिकेवर बेतलेला. त्यातल्या चार पात्रांपैकी एक मुस्तफा कैरो. आपल्याकडच्या पोरांनी सबंध खेळालाच त्याचे नाव दिले. मग अस्सल नाव कोणते? कंपनीचे की गल्लीचे?

४/ आता पेटीच्या आत पाहू. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने जोडणीची एक सामायिक पद्धत ठरवली: "जामा". ५६ टोकांचा एकच जोड. जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा; पेटी, पडदा, जॉयस्टिक तेच. बदलता येणे ही हौशी लोकांनी मागाहून केलेली भेसळ नव्हे. पार्लरचा धंदाच त्या सोयीवर चालत असे.

५/ जामाच्या जोडात प्रत्येक खेळाडूसाठी एक जॉयस्टिक आणि तीन बटणे धरलेली. १९९१च्या "स्ट्रीट फायटर २"ला लागत सहा. उरलेल्या तिघांसाठी वेगळ्या तारा ओढाव्या लागत. म्हणजे तीन बटणांच्या पेटीत हा खेळ बसवायचा, तर बटणांच्या फळीला नवी भोके पाडणे आलेच. "जशी होती तशी" असली पेटी शोधणाऱ्याने आधी सांगावे: भोके पाडण्यापूर्वीची की नंतरची?

६/ आणि फळी म्हणजे केवळ सजावट नव्हे. १९८०च्या "पॅक-मॅन"ला चारच दिशा. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर तिरका धक्का बसला की एकाच वेळी दोन स्विच दाबले जातात आणि वळणावर घात होतो. उलट "स्ट्रीट फायटर"चा हादोकेन खाली, तिरके, पुढे असा हात फिरवल्याशिवाय निघतच नाही. चार दिशांच्या जॉयस्टिकवर तो अशक्य.

७/ म्हणून माझ्या कॅबिनेटला चार फळ्या आहेत. एक चार दिशांची. एक दोघांसाठी, आठ दिशांची आणि प्रत्येकी सहा बटणांची. एक "मिसाइल कमांड"साठी, तळहाताने फिरवायच्या चेंडूची. एक "अर्कनॉइड"साठी, फिरत्या मुठीची. फळी दोन खटक्यांनी बसते आणि तिच्या सगळ्या तारा खालच्या एकाच जोडात येतात. कल्पना जामाचीच, मी ती बोर्डाऐवजी फळीला लावली. डोंबिवलीच्या घरात चार पेट्या ठेवायला जागा कोणाकडे आहे?

८/ नकलेला हिणवणाऱ्यांसाठी एक प्रसंग. १९९२मध्ये तैवानमधून "स्ट्रीट फायटर २"ची एक बेकायदा, फेरफार केलेली, बेफाम वेगाची आवृत्ती पसरली: "रेनबो". त्याच वर्षी कॅपकॉमने स्वतःची वेगवान आवृत्ती काढली; तिच्यामागे "रेनबो"ची लोकप्रियता हे एक कारण होते. नकलेने मूळ घडवले, ते असे.

९/ आपल्या शास्त्रात तरी वेगळे काय आहे? "अस्सल" आणि "नक्कल" हे दप्तराचेच शब्द. मराठ्यांच्या दप्तरांत नकला मुबलक आहेत. मूळ सनद नष्ट झाली आणि नक्कल उरली, तर आपण ती फेकून देत नाही. कोणी केली, केव्हा, कशासाठी, काय बदलले, हे विचारतो. कागदाला लावतो तो नियम लाकडाला का नको?

१०/ माझे प्लायवूड उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले. "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी छावणीतून उभ्या केलेल्या कसबाला आपण हसण्यावारी नेले. "नक्कल" हा शेरा त्याच तुच्छतेचा धाकटा भाऊ आहे.

११/ सरकारी दप्तरात पार्लर सापडेल, पण कशाच्या रूपाने? कर्नाटकातल्या पार्लरचालकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५मध्ये न्यायालयाने परवान्याची सक्ती वैध ठरवली. तिथे पार्लर उरते ते परवान्याच्या आणि बंदोबस्ताच्या भाषेत. फळीची उंची, बटणांची मांडणी, पोरांनी ठेवलेली नावे त्यात नाहीत.

१२/ आणि माझी आई? शाळेच्या वाटेवर पार्लर होते. तिकडे बघायचेही नाही, असा घरचा दंडक. मामा आत, ती बाहेर. आज पन्नाशीत तिला जॉयस्टिक मानवत नाही, पण फिरत्या मुठीच्या फळीवर ती मामाला हरवते. तंतोतंत अस्सल पार्लर मी उभे केले असते, तर ती पुन्हा बाहेरच राहिली असती.

१३/ याचा अर्थ सगळे माफ, असा नव्हे. खेळांचे हक्क त्यांच्या कंपन्यांचे आहेत. पेटीच्या समर्थनात चोरीच्या प्रतींचे समर्थन येत नाही. नवी पेटी "जुनी" म्हणून विकणे ही तर सरळ लबाडी. म्हणून माझ्या पेटीच्या दाराआड बांधणीची तारीख, लाकूड कुठले, तारा कोणी जोडल्या आणि काय नवे, हे सारे लिहिलेले आहे. वस्तूची अस्सलता न बदलण्यात नसते. बदलांची खरी नोंद ठेवण्यात असते.

१४/ तेव्हा शेरे मारण्याऐवजी नोंदी करू या. मामाला, काकाला, बंद पडलेल्या गाळ्याच्या मालकाला विचारा: पेटी कोणत्या सुताराची, फळीवर बटणे किती, नाणे की टोकन, खेळाला नाव काय? आणि आई-मावशीला विचारा, बाहेरून काय दिसत होते? उत्तरे इथे खाली लिहा. ती माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल. (समाप्त)