छोट्या दोस्तांचा वासंतिक पोशाख

होळी झाली की आपण स्वेटर, शाली डांबराच्या गोळ्या घालून ठेवून देतो. घरातल्या छोट्या कुत्र्याचा स्वेटर मात्र बरेचदा त्याच्या अंगावरच राहतो. का? तर 'कित्ती गोड दिसतो!'

नागपूर-अहमदाबादेत मार्चअखेर दुपारचा पारा पस्तिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा येतो तो पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून कमी करतो. त्यात मखमली जाकीट चढवले तर बिचाऱ्याने करायचे काय?

सर्वांत जपायचे ते पगला. २००३ सालच्या हचच्या जाहिरातीने हा चपट्या नाकाचा पाहुणा घराघरात लाडका केला. पण त्या नाकामुळेच त्याला नीट धापाही टाकता येत नाहीत. उन्हाळाभर त्याला कपडे नकोतच. हौस असेल तर जुन्या मलमलच्या ओढणीचा तिकोनी रुमाल पाण्यात पिळून गळ्यात सैलसर बांधा आणि वाळला की पुन्हा भिजवा. लिंबू किंवा आकाशी रंग काळ्या तोंडावर खुलतोही छान!

पॉमेरेनियन तर निसर्गाकडूनच दुहेरी कोट घालून आलेला असतो. त्याचे केस मुळापासून भादरू नका, कारण ते उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात. रोज विंचरणे हाच त्याचा शृंगार. आखूड केसांच्या चिहुआहुआला एसीच्या खोलीत पातळ सुती, बिनबाह्यांची बंडी चालेल.

बंडी घरीच शिवणार असाल तर तीन मापे घ्या: मानेचा घेर, छातीचा सर्वांत रुंद घेर आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. कापड व अंग यांत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. टिकल्या, मोती, लोंबती बटणे टाळा. ती चावून गिळली जातात. वेलक्रो लांब केसांत अडकतो, त्यापेक्षा नाडी बरी.

लग्नसराईत जरीची शेरवानी घालायचीच असेल, तर फोटोपुरती, सावलीत. तेवढ्यातही धाप वाढली, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक झाल्या किंवा पाय लटपटले, तर कपडे ताबडतोब काढा. अंगावर साधे गार पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. फोटो नंतर काढता येईल.