बेने इस्राएल आणि आमचें अपयश

अब्राहाम, मोशे, दावीद हीं नांवें वर्गांत उच्चारिलीं म्हणजे विद्यार्थ्यांस वाटतें कीं, हे लोक कोठें तरी दूर देशीं होऊन गेले व त्यांचा वंश पुस्तकांतच राहिला. रोहें, पेण, किहीम या गांवांशीं त्या वंशाचा संबंध असेल, हें त्यांच्या ध्यानींमनींहि नसतें. परंतु रोहेकर, पेणकर, केहिमकर अशीं आडनांवें लावणारे बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलत आले आहेत. नौगांवच्या किनाऱ्याशीं जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचलीं, अशी त्यांची परंपरा आहे. ग्रंथ गेले, सुंता, शब्बाथ आणि 'शेमा' हें वचन तेवढें उरलें. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत.

एकोणिसाव्या शतकांत आमचे मिशनरी त्यांजकडे गेले. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल शिक्षक होते. डॉ. जॉन विल्सन यांनीं तर १८३२ सालीं त्यांच्याकरितां मराठींत हिब्रू व्याकरण छापिलें. हेतु काय होता हें लपविण्यांत अर्थ नाहीं; त्यांनीं ख्रिस्ती व्हावें, हाच तो हेतु. झालें मात्र निराळेंच. कोचीनच्या यहुदी गुरूंनीं त्यांस धर्माचार शिकविला, मिशनच्या शाळांनीं अक्षर दिलें, आणि या शिकलेल्या मंडळींनीं आपल्याच प्रार्थना मराठींत आणिल्या. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा १८७४ सालीं पुण्यास मराठी अर्थासह निघाली. पुढल्याच वर्षीं हाईम सामुएल केहिमकर यांनीं मुंबईंत स्वजातीयांची शाळा काढिली. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. आमच्या कांहीं बंधूंस हें मिशनचें अपयश वाटतें. आम्हांस या अपयशाचा खेद होत नाहीं, उलट अभिमान वाटतो, हें येथें स्पष्ट लिहितों.

१९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलास गेली. तेथें तरी त्यांचें सुखानें स्वागत व्हावें! पण विवाहप्रसंगीं तेथील धर्माधिकारी त्यांच्या कुलाची चौकशी करूं लागले. जेरुसलेमांत ठाण मांडून बसल्यावर, १९६४ सालीं, ते सर्वार्थानें यहुदी आहेत असें तेथील संसदेनें ठरविलें. शास्त्राचा एकहि ग्रंथ हातीं नसतां ज्यांनीं शब्बाथ पाळिला, त्यांस हा प्रश्न विचारावयाचा! असो. तेथेंहि त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी त्रैमासिक चालविलें आहे. इकडे चारपांच हजारच उरले असतील, तेहि मुख्यतः मुंबईठाण्याकडे. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं त्यांस अल्पसंख्याकांत गणिलें.

मागें सहलीच्या निमित्तानें आम्ही बारा विद्यार्थ्यांसह कोंकणांतील एका प्रार्थनालयांत गेलों होतों. बाकें स्वच्छ पुसलेलीं, दिवे टांगलेले, आणि आंत एकच वृद्ध गृहस्थ. सामुदायिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात. सणाला ठाण्याहून माणसें बोलवावीं लागतात, असें ते म्हणाले. तेव्हां आमच्यांतील एका मुलानें भाबडेपणानें विचारिलें, "आजोबा, आम्ही बाराजण आहोंत. आम्हांला धरून नाहीं का चालणार?"

आम्ही ओशाळलों. ते मात्र हंसले. "बाळ, मोजतां नाहीं येणार. पण बसा, ऐका," असें म्हणून त्यांनीं डोक्यावरची टोपी सांवरली आणि एकट्यानेंच शेमा म्हटला. मुलें उभींच राहिलीं.