अंगावर ओरखडा नाही, म्हणून?

परवा एक शहाणा मला म्हणाला, पोरींना कराटे शिकवा, बलात्कार आपोआप थांबतील. वा रे वा! हात टाकणारा मोकळा, अन् परीक्षा पोरीची?

मी वस्तीत रोज संध्याकाळी पोरींना उभं राहायला शिकवते. सिनेमातली पोज नाही. पाय खांद्याइतके फाकव, एक मागं घे. गुडघे सैल. हनुवटी खाली. तळवे उघडे, छातीसमोर. तो अंगाशी यायच्या आत पोटातून ओरड : मागं सर! बाहेरची वाट कुठं ते आधी बघून ठेव. डोक्यावर सरपणाची मोळी असेल तर पहिल्यांदा मोळी फेक. वाट मिळाली की पळ. पळण्यात लाज कसली? जिवंत घरी यायचं, एवढंच.

पण कुलूपबंद खोलीत हे सगळं कुठवर पुरणार?

देसाईगंज. 26 मार्च 1972 ची रात्र. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात. गडचिरोली वेगळा झाला 1982 ला. एक आदिवासी पोर भावासोबत पोलीस ठाण्यात आली. जबाब झाले. बाकीच्यांना बाहेर काढलं, तिला आत ठेवलं. दार बंद, दिवे बंद. वर्दीतले दोघं आत, माणसं बाहेर.

खालच्या कोर्टानं दोघांना सोडलं. नागपूरच्या हायकोर्टाला कळलं, की भीतीनं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. त्यानं शिक्षा दिली. 15 सप्टेंबर 1978 ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. का? तर अंगावर जखमेची खूण नाही! म्हणजे पोरीनं आधी रक्तबंबाळ व्हायचं, मग न्याय मागायचा!

1979 ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या. 1983 ला कायदा बदलला. 2013 ला तर स्पष्टच लिहिलं गेलं, की झटापट केली नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही.

म्हणून माझ्या पोरींना मी हेही सांगते : ऐनवेळी अंग गोठलं, जीभ टाळूला चिकटली, तरी गुन्हा तुझा नाही. मी शिकवते ते तुझ्या जिवासाठी, कोर्टाच्या पुराव्यासाठी नाही.

अन् पोरांनो, तुम्ही काय करणार? नुसत्या घोषणा? आजच्या कायद्यानं साक्षीसाठी बाईला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसानं तिच्या घरी जायचं. हे पाठ करा. तरी तिला नेलंच, तर दहा जण सोबत जा. बाहेर व्हा म्हटलं तरी तिला एकटीला आत सोडू नका. दारात पाय रोवून उभे राहा. तळवे उघडे, आवाज मोठा.

उभं राहायला तुम्हालाही शिकावं लागेल. उद्या संध्याकाळी या.